स्कॅन नॉर्मल आला म्हणून सुटलो का?

मामा : मेंदूज्वराचा संशय आला की आधी सीटी, वर पुन्हा एमआरआय. बिल फुगवायला का गं?

भाची : नाही हो मामा. सीटी पाच-दहा मिनिटांत उरकतो. रक्तस्राव नाही ना, गाठ नाही ना, सूज इतकी नाही ना की पाठीतलं पाणी काढणं धोक्याचं ठरेल, एवढं त्यात कळतं. पण सुरुवातीला मेंदूज्वर सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही. तो एमआरआयलाच सापडतो, त्यातही डिफ्युजनच्या चित्रांत लवकर.

मामा : म्हणजे विषाणू दिसतो?

भाची : विषाणू कुठला दिसायला! दिसते त्यानं धरलेली जागा. हर्पीस सिम्प्लेक्स बहुधा कानशिलामागच्या टेम्पोरल भागात, आतल्या अंगाला बसतो. आठवणींचं काम तिथंच चालतं. म्हणून पेशंट तापात असंबद्ध बोलतो, विचित्र वागतो आणि घरचे कधी कधी त्याला भलतीकडेच घेऊन जातात. जपानी मेंदूज्वर मात्र खोल, मधोमध, दोन्हीकडच्या थॅलॅमसला धरतो. तसं चित्र दिसलं की आम्ही गाव, भातशेती, डुकरं, डास असं सगळं विचारत बसतो.

मामा : मग फोटोवरूनच नाव सांगून टाका की.

भाची : अंदाज सांगतो. लांबलेल्या फिट्‌सनंतरही एमआरआयवर टेम्पोरल भागात तशीच पांढरी झाक येते. हर्पीसचं नाव पक्कं होतं पाठीतल्या पाण्याच्या पीसीआरमध्ये. तीही पहिल्या दोन-तीन दिवसांत चकवू शकते. संशय दाट असेल तर पुन्हा करावी लागते.

मामा : आणि एमआरआय नॉर्मल आला तर? सुटलो?

भाची : इथंच लोक फसतात. मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरवर शरीराचीच प्रतिपिंडं हल्ला करतात, असा एक मेंदूदाह आहे. 2007 साली होसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी तो उलगडला. त्यात निम्म्याहून अधिक पेशंटांचा एमआरआय नॉर्मल असतो. तरुण मुलींत कधी कधी मूळ असतं अंडाशयातल्या गाठीत! मेंदूचा आजार, आणि स्कॅन करायचा ओटीपोटाचा.

मामा : मग इतका वेळ पेशंटनं काय करायचं?

भाची : थांबायचं नाही. हर्पीसचा संशय असला की अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून लगेच सुरू करतात, रिपोर्ट मागाहून येतात. उपचारच झाले नाहीत तर या आजारात दहातले सातेक जण दगावतात. तेव्हा तापात माणूस बरळायला लागला किंवा त्याला फिट आली, की आधी मोठं इस्पितळ गाठा. एमआरआय कुठं स्वस्त मिळतो, याची चौकशी नंतर करा.