घटक ६ : दप्तरातून कुळाकडे – मोर्शी परिसरातील कुटुंबवृक्षाचे संशोधन

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• वऱ्हाडातील कौटुंबिक नोंदींची प्रमुख साधने सांगता येतील.
• परस्परविरोधी नोंदींची चिकित्सा करता येईल.
• निश्चित व संभाव्य निष्कर्षांत भेद करता येईल.

६.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, कुलवृत्तान्त हा मराठीतील परिचित लेखनप्रकार आहे. परंतु छापील कुलवृत्तान्त बहुधा वतन, इनाम किंवा शिक्षणाचा वारसा असलेल्या घराण्यांचे आहेत. शेतकरी, शेतमजूर व कारागीर कुटुंबांचा वृत्तान्त सहसा कोणी लिहिला नाही. त्यांच्या नोंदी मात्र सरकारी दप्तरांत विखुरलेल्या आहेत.

हा शोध केवळ जिज्ञासेचा नाही. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरिता ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांकरिता १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांना महत्त्व आहे. पणजोबांच्या नावाची एक ओळ पणतीच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा करू शकते.

६.२ राजवटी आणि दप्तरे
वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राजवट बदलली की दप्तराचे ठिकाण, भाषा व कालगणनाही बदलते. म्हणून मोर्शीच्या अभ्यासकाला तहसील कार्यालयापासून अमरावती, नागपूर आणि प्रसंगी हैदराबादपर्यंत जावे लागते. वरुड पूर्वी मोर्शी तालुक्यातच होते, हेही ध्यानात ठेवावे. ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयामुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांनी शोध मूळ गावाच्या नावाने घ्यावा.

६.३ प्रमुख साधने
(अ) कोतवाल बुक : गावातील जन्ममृत्यूंची नोंद. तीत पित्याचे नाव व जात आढळते. बाळाचे नाव पुष्कळदा नसते, केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते.
(आ) शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर : यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जात व जन्मतारीख मिळते.
(इ) महसुली कागद : हक्कनोंद, पेरेपत्रक व फेरफार. वारस फेरफारात एका पिढीकडून दुसरीकडे गेलेला हक्क दिसतो. वंशावळीचा तो सर्वांत भक्कम सांधा होय.
(ई) खाजगी साधने : भाटांच्या पोथ्या, तसेच नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. भूमिहीन कुटुंबांना महसुली कागद साथ देत नाहीत. तेथे ही साधने व कोतवाल बुक विशेष मोलाची ठरतात.

६.४ नोंदीचे वाचन
जुन्या नोंदी बहुधा मोडीत आहेत. त्यामुळे मोडीचे प्राथमिक ज्ञान आवश्यक आहे. दख्खनी फसली सनात सुमारे ५९० मिळवले असता इसवी सन मिळतो. शकात ७८ मिळवावेत. आडनावाऐवजी ‘तुकाराम वल्द महादू’ अशी नोंद असेल, तर ‘वल्द’ म्हणजे ‘चा मुलगा’ असे समजावे. आडनाव नाही म्हणून नोंद टाकून देऊ नये.

६.५ काल्पनिक उदाहरण
समजा, शाळेच्या रजिस्टरात आजोबांची जन्मतारीख १ जुलै १९३१ आहे. कोतवाल बुकात मात्र नोव्हेंबर १९३० मध्ये तुकाराम वल्द महादू यास ‘मुलगा’ झाल्याची नोंद आहे. कोणती ग्राह्य मानावी? कोतवालाची नोंद घटनेच्या जवळची असते. शाळेतील तारीख प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिलेली असू शकते. तथापि तो मुलगा आजोबाच, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. तुकारामास इतर मुलगे होते काय? त्याच नावाचा दुसरा तुकाराम गावात होता काय? तुकारामाच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात आजोबांचे नाव असेल, तर पितापुत्राचे नाते सिद्ध होते. इतर भावांच्या जन्मनोंदी वेगळ्या सापडल्या, तर ही नोंद आजोबांचीच असल्याचे अनुमान दृढ होते. तोपर्यंत वंशवृक्षात ‘संभाव्य’ असे लिहावे.

६.६ स्त्रियांचा शोध
जुन्या वंशावळीत स्त्रिया क्वचितच दिसतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारसाहक्क दिला. त्यानंतरच्या वारस नोंदी म्हणूनच बारकाईने पाहाव्यात. आजीचे माहेर कळले तर त्या गावच्या दप्तरात तिच्या पित्याच्या नावाने शोध घ्यावा. घरातील वृद्धांकडून माहेरचे गाव व कुळ आजच विचारून, सांगणाऱ्याचे नाव व दिनांकासह लिहून ठेवावे. दप्तर पुढल्या वर्षीही पाहता येईल. वृद्धांची स्मृती तोवर टिकेल, असे नाही.

६.७ सारांश
ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे स्वतःपासून मागे जावे. प्रत्येक नात्यासाठी शक्यतो दोन स्वतंत्र पुरावे शोधावेत. मूळ नोंद जशीच्या तशी उतरवावी; स्वतःचा अर्थ वेगळा लिहावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. कोतवाल बुक व शाळेचे रजिस्टर यांच्या विश्वसनीयतेची तुलना करा.
२. फसली १२५० म्हणजे सुमारे कोणते इसवी सन?
३. आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांचा वृक्ष तयार करून प्रत्येक नात्यापुढे पुरावा नोंदवा. पुरावा नसल्यास जागा रिकामी ठेवा.

(उत्तर २ : इ. स. १८४०)