स्वतःचीच फ्लॉपी वाचणारा ड्राइव्ह

घरांतून आणि कचेऱ्यांतून फ्लॉपी गेली त्याला जमाना झाला. सोनीनेही 2011 साली तिचं उत्पादन थांबवलं. भरतकामाच्या जुन्या कॉम्प्युटर मशिनांना मात्र हे कोणी कळवलेलं नाही. जयपूरला सांगानेरच्या बाजूला माझं छोटं युनिट आहे. मशीन जुनं, अनेक हेडांचं, कुर्त्यांचे गळे आणि बॉर्डर काढणारं. त्याला डिझाइन द्यावं लागायचं ते साडेतीन इंची फ्लॉपीनेच. पंचिंगवाल्यांकडून (डिझाइन मशिनच्या टाक्यांत उतरवून देणाऱ्यांकडून) वर्षानुवर्षं पैसे मोजून करून घेतलेली डिझाइनं माझ्याकडे अशा फ्लॉप्यांवर आहेत. आणि या मशिनची फ्लॉपीवर लिहिण्याची पद्धत त्याची स्वतःची. लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह जोडून ती फ्लॉपी घातली तर विंडोजला काही कळत नाही, उलट ते विचारतं, फॉरमॅट करू का? तिथे चुकून ‘हो’ दाबलं की डिझाइन गेलं. म्हणून फ्लॉपी कुठेही घालण्याआधी कोपऱ्यातली सरकपट्टी सरकवून भोक उघडं करा. भोक उघडं असलं की ड्राइव्ह तिच्यावर लिहीत नाही.

एका उन्हाळ्यात आमचा ड्राइव्ह अडखळायला लागला. मे-जूनमध्ये इथे आंधी येते तेव्हा बंद शेडमध्येही धूळ उतरते. त्यात कापडाचा बारीक तंतू, मशिनचं तेल आणि कूलरची ओल. या सगळ्याचा जो लेप तयार होतो तो ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडवर आणि ते हेड ज्या दांड्यावर सरकतं त्यावर बसतो. ड्राइव्ह एका मिस्त्रीकडे दिला. संध्याकाळी त्याचा फोन, “भाईसाब, चालू हो गया.” त्याने माझ्यासमोर कोरी फ्लॉपी फॉरमॅट केली, तिच्यावर लिहिलं, वाचून दाखवलं. मशिनला लावल्यावर माझी एकही जुनी फ्लॉपी उघडेना. त्याचं उत्तर तयार होतं, “फ्लॉपी खराब हैं आपकी.”

मला ते पटलं नाही. सगळ्या फ्लॉप्या एकाच दिवशी मरत नाहीत. ड्राइव्ह उघडून पाहिला तर स्टेपर मोटरच्या स्क्रूंवरचा कारखान्यातला लाखेचा ठिपका तुटलेला होता. हेड सरकत नाही म्हणून त्याने मोटर ढिली केली होती आणि साफसफाईनंतर अंदाजाने पुन्हा आवळली होती.

साडेतीन इंची फ्लॉपीवर एका इंचात 135 ट्रॅक बसतात, म्हणजे दोन ट्रॅकमधलं अंतर 0.1875 मिलिमीटर. मोटर केसभर फिरली तरी हेड ट्रॅकच्या मधोमध न बसता कडेला बसतं. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनचूक वाचतो, कारण लिहितानाही तो तितकाच सरकलेला असतो. दुसऱ्याचं लिहिलेलं मात्र त्याला वाचता येत नाही. मिस्त्री खोटं बोलत नव्हता. त्याची चाचणीच चुकीची होती.

तेव्हा लाख लावलेल्या स्क्रूंना हात लावू नका, लावू देऊ नका. स्टेपरचे स्क्रू, शून्य ट्रॅकच्या सेन्सरचा स्क्रू आणि इंडेक्सची जुळवणी या तिन्ही गोष्टी खास अलाइनमेंट डिस्क आणि ऑसिलोस्कोप लावून बसवलेल्या असतात.

बिघाड बहुधा याहून साधा असतो. दिवा सतत पेटलेलाच राहिला तर 34 पिनांची केबल उलटी लागली आहे. मोटर फिरते पण हेड हलत नाही, तर ग्रीस सुकून घट्ट झालं आहे. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवं अगदी नावाला लावायचं. हेड मागे जाऊन नुसतं टकटकत राहिलं तर शून्य ट्रॅकच्या सेन्सरवर धूळ असते. हेड पुसताना वरचं हेड बोटाने उचलू नका, त्याची पातळ स्प्रिंग वाकली की परत सरळ होत नाही. आणि बुरशीची फ्लॉपी कधी घालू नका. ती हेड खराब करते आणि मग तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर चरे पाडतं.

खरोखर भाग बदलायची वेळ येते ती कपॅसिटरची. ऐंशीच्या दशकाअखेरच्या आणि नव्वदच्या सुरुवातीच्या बोर्डांवर डब्यासारखे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. ते फुगतातच असं नाही, खालून गळतात. पायांजवळचं डाख मळकट झालेलं, कडेला हिरवट डाग आणि गरम सोल्डरिंग आयर्न लावताच माशासारखा वास, ही ओळख. पकडीने पिळून काढू नका, बोर्डावरचा तांब्याचा पॅड सोबत उपटून येतो. भरपूर फ्लक्स लावून दोन्ही पाय एकदम गरम करून उचला, जागा अल्कोहोलने पुसा, मगच नवा लावा. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. गळण्याची कटकट नको म्हणून टँटलम लावणार असाल तर सांभाळा: इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण बाजू दाखवते, टँटलमवरची धन. उलटा लागलेला टँटलम पेट घेऊ शकतो.

(सव्वापाच इंची, पट्ट्यावर चालणारा जुना ड्राइव्ह असेल तर त्याच्या चाकावर बऱ्याचदा 50 आणि 60 हर्ट्झच्या रेघा छापलेल्या असतात. आपल्याकडच्या विजेवर 50 च्या रेघा बघायच्या. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली त्या थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली हा खेळ बहुधा जमत नाही.)

माझ्या ड्राइव्हवर इलाज उरला नव्हता. दुसऱ्या एका युनिटने फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह चालवणारा यूएसबी इम्युलेटर बसवल्यामुळे काढून टाकलेला, त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा ड्राइव्ह मिळाला. तरी तो चालेना, कारण त्याचा जंपर वेगळ्या जागी होता. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हची निवड (ड्राइव्ह सिलेक्ट) एकावर असते आणि 34 नंबरची पिन फ्लॉपी बदलल्याची खूण देते. यंत्रांचे बरेच कंट्रोलर निवड शून्यावर मागतात आणि त्या पिनेवर ‘तयार’चा सिग्नल. मागचा बारीक जंपर जुन्या ड्राइव्हप्रमाणे लावला आणि फ्लॉप्या उघडल्या. म्हणून जुना ड्राइव्ह भंगारात टाकण्याआधी त्याच्या जंपरांचा फोटो काढून ठेवा.

डिझाइनं उतरवून झाल्यावर मीही इम्युलेटर बसवला. रोजच्या कामाला तोच बरा. ज्यांच्या फ्लॉप्या अजून कपाटात आहेत त्यांनी ग्रीझवीझलसारखा बोर्ड वापरून, फॉरमॅट कुठलाही असो, कच्च्या सिग्नलसकट नक्कल करून घ्यावी. त्यालाही जुळवणी न बिघडलेला ड्राइव्ह लागतोच.

आणि ड्राइव्ह दुरुस्तीला देणार असाल तर दुसऱ्या चांगल्या मशिनवर लिहिलेली, गेली तरी चालेल अशी एक फ्लॉपी खिशात घेऊन जा. ती वाचून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.