पदवी नसलेला तपासनीस आणि ग्राहकाचा छापील तक्ता : लोणंदमधील एका लघुउद्योजकाचा अनुभव

पदवी नसलेल्या माणसाला जबाबदारीच्या जागी नेमावे की नेमू नये, या प्रश्नाची चर्चा बहुधा निर्णय मालकाच्या हातात असतो असे धरून केली जाते. सातारा जिल्ह्यातील लोणंद, शिरवळ, फलटण या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी जी छोटी वर्कशॉप आहेत, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक अर्धेच खरे आहे. कारण लेथवर कोण उभा राहणार हे मालक ठरवत असला, तरी तपासणीच्या टेबलावर कोण बसणार हे माल घेणारी कंपनी ठरवते, आणि तेही त्या माणसाचे काम न पाहता, आपल्या छापील तक्त्यातील ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यावरून. प्रस्तुत लेखक लोणंदमध्ये असे एक वर्कशॉप चालवतो, आणि पुढील विवेचन त्याला आलेल्या अनुभवातून निघालेले असल्यामुळे ते सर्वस्वी तटस्थ आहे असा दावा येथे केलेला नाही.

नोकरीसाठी पदवी का मागितली जाते, याचे अर्थशास्त्रातील एक प्रसिद्ध स्पष्टीकरण मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडले. उमेदवार किती कामाचा आहे हे नेमणूक करणाऱ्याला आधी कळत नाही, म्हणून मिळवायला कष्ट पडतात अशी एखादी खूण तो शोधतो, आणि पदवीत शिकवलेले त्या कामाला उपयोगी पडो वा न पडो, पदवी ही तशी खूण ठरते. या विचाराला संकेत-सिद्धांत म्हणतात. रोनाल्ड डोर यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात त्यापुढची पायरी दाखवली, ती अशी की पदवीधर वाढत गेले म्हणजे कालपर्यंत शाळेच्या दाखल्यावर होणाऱ्या कामाला उद्या पदवी मागितली जाते, काम मात्र तेच राहते. छोट्या वर्कशॉपच्या मालकाला या खुणेची गरज फार थोडी, कारण माणूस दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. ती गरज लांब बसून कागद पाहणाऱ्याची आहे, आणि तिची किंमत मात्र मालकाकडून व कामगाराकडून वसूल होते.

सातारा-सांगली भागात तरी हा वाद निर्माण व्हायला नको होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यात दोष असल्यामुळे ती त्यांना सोडावी लागली, पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी यंत्रांची आरेखने शिकवली आणि हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेल्यावर ती नोकरीही सोडली; अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा शाळेत यश न मिळालेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीचा पहारा सोपवला गेला. याच किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव हिंडलेले भाऊराव पाटील मॅट्रिकही झालेले नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये त्यांना सन्मानाची डी.लिट. दिली. लेखकाच्या ग्राहक कंपनीचा तक्ता लावला असता, तर यांपैकी एकालाही भागाचे माप घेण्याची परवानगी मिळाली नसती.

आजही लोणंदच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याची गोणी फोडून, मूठभर कांदे हातात फिरवून, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, कोणती, जोड कांदा किती आणि माल टिकणारा आहे की नाही हे क्षणात सांगणाऱ्या माणसाला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. तेथे चूक झाली तर नुकसान बोली लावणाऱ्याच्याच खिशातून जाते, म्हणून तो नजर पारखतो. ग्राहक कंपनीच्या कार्यालयात पात्रतेचा रकाना भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून काहीच जात नाही.

ज्या माणसावरून लेखकाला वर उल्लेखलेला अनुभव आला तो दहावीनंतर शाळा सोडून हेल्पर म्हणून आला, लेथ शिकला, सीएनसीवर सेटिंग करू लागला आणि पुढे त्याचा हात व डोळा पाहून लेखकाने त्याला तपासणीला बसवले. तपासायचा भाग बिडाचा असून त्यातील बोअर, म्हणजे आरपार भोक, ४० मिलिमीटरचा आहे; रेखाटनात दिलेली सूट पाहता तो ४०.००० पेक्षा लहान आणि ४०.०२५ पेक्षा मोठा असता कामा नये, म्हणजे सगळा खेळ २५ मायक्रॉनचा आहे, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोरडे कटिंग झालेला भाग मशीनवरून उतरतो तेव्हा तो गेजपेक्षा पुष्कळ गरम असतो. हा फरक २० अंशांचा असला, तर एवढ्या व्यासात बीड आठ-नऊ मायक्रॉन फुगते, आणि त्या वेळी ४०.००४ दाखवणारा बोअर निवल्यावर ३९.९९६ वर येतो, म्हणजेच नापास होतो. या माणसाने प्रसरणांक हा शब्दही ऐकला नसावा, पण मशीनवरून उतरलेले भाग तो गेजच्याच शेजारी सरफेस प्लेटवर, म्हणजे मापासाठी वापरल्या जाणाऱ्या सपाट दगडी पाटावर, ओळीने मांडून ठेवी, तळहाताची मागची बाजू लावून पाही आणि मगच बोअर गेज आत घाली. गाडी दारात उभी असताना घाई केली, की त्याचे उत्तर ठरलेले असे : “जॉब अजून ऊन हाय मालक, आत्ता माप खरं न्हाई लागायचं.”

अशा स्थितीत पुणे परिसरातील त्या ग्राहक कंपनीची पुरवठादार-तपासणी, जिला व्यवहारात ऑडिट म्हणतात, पार पडली. आलेल्या अधिकाऱ्याने बोअर मोजून पाहिला नाही, गेजला हात लावला नाही, आणि त्या वर्षी या भागाचा एकही लॉट परत आलेला नव्हता हे दाखवणारी वही उघडूनही पाहिली नाही. फोनवर बोलत बोलत त्याने कौशल्य-तक्ता, म्हणजे कोणता कामगार कोणते काम किती स्वतंत्रपणे करू शकतो हे दाखवणारा भिंतीवरचा कागद, वाचला, ‘दहावी’ या शब्दावर पेन ठेवले आणि विसंगतीची नोंद केली. हरकत घेतली असता त्याने चहाचा कप खाली ठेवून समजुतीच्या सुरात सांगितले, की इंजिनिअर मुलगा ठेवा, त्यात तुमचेच नाव होईल. नोंद मिटेपर्यंत नवे काम मिळणार नव्हते, हे वेगळे सांगायला नको. पदवीधर नेमला गेला आणि जुना माणूस पुन्हा मशीनवर गेला. त्याच्या पगारातून एक रुपयाही कमी केला गेला नव्हता, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवावी लागते, कारण गावात तिच्याविषयी भलतेच बोलले गेले. पगार तोच असला, तरी टेबलावरून उठवलेल्या माणसाचे मन कामात राहत नाही, आणि काही काळाने तो काम सोडून गेला.

उन्हाळा लागला तसे लॉट परत येऊ लागले. नव्या पदवीधराचा यात फारसा दोष नव्हता; प्रसरणांकाचे गणित त्याने परीक्षेत सोडवलेले होते, पण गरम भाग हातात धरून थांबायला त्याला कोणी शिकवले नव्हते. ग्राहकाने नापास मालाची रक्कम, त्यावर निवडाईची मजुरी आणि वाहतूक मिळून डेबिट नोट, म्हणजे बिलातून कापायच्या रकमेचा कागद, पाठवली. त्याविषयी बोलण्यासाठी लेखक त्या कंपनीत गेला असता, आवक मालाच्या तपासणी विभागात कंत्राटदाराच्या निळ्या गणवेशात तोच माणूस उभा होता, आणि लेखकाच्याच वर्कशॉपचे भाग पाटावर ओळीने मांडून, तळहाताची मागची बाजू लावून, ते निवण्याची वाट पाहत होता. ज्या अधिकाऱ्याने ‘दहावी’वर पेन ठेवले होते, तोच शेजारी येऊन म्हणाला की माणूस हुशार आहे, याच्या हातून काही सुटत नाही. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर मात्र त्याची नोंद मदतनीस अशी होती, वेतन अकुशलाचे होते, आणि त्याने नापास ठरवलेल्या भागांच्या कागदावर सही दुसऱ्याच एका पदवीधराची होती. तेव्हा उलगडले ते इतकेच, की कंपनीला या माणसाचे कौशल्य अमान्य कधीच नव्हते; त्या कौशल्याचे नाव लावून त्याचा दाम देणे तिला अमान्य होते. किमान वेतनाचा कायदा कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भेद कामावरून करतो, दाखल्यावरून नव्हे. पण हजेरीपट लिहिणाऱ्याला ते कोण सांगणार?

अशा प्रसंगात सापडू शकणाऱ्या इतर उद्योजकांसाठी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पहिली आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी, की आयएसओ ९००१ या गुणवत्ता-मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील ७.२ हे कलम माणसाची क्षमता समुचित शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांच्या आधारे ठरवायला सांगते आणि त्या क्षमतेचा लेखी पुरावा ठेवायला सांगते. पदवीची अट त्यात नाही. म्हणून ऑडिटमध्ये विसंगतीची नोंद झाली, तर ती मानकाच्या कोणत्या कलमाखाली आहे की ग्राहकाच्या स्वतःच्या अटीखाली आहे, हे तेथेच, सही करण्यापूर्वी, लिहून मागावे. नंतर मागितल्यास ते मिळत नाही. दुसरी गोष्ट पुराव्याची. तेच दहा भाग तपासनिसाने आणि दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाने, एकमेकांची मापे न पाहता, पुन्हा पुन्हा मोजायचे आणि मापांत किती फरक पडतो ते काढायचे, या पद्धतीला गेज आर अँड आर म्हणतात. ती ग्राहकाच्याच पुस्तकातली असल्यामुळे तिचा निकाल त्याला सहसा नाकारता येत नाही. हा कागद ऑडिटपूर्वी तयार असावा, आणि भाग किती निवल्यावर मोजायचा यासारखी जी रीत माणसाच्या हातात असते, तीही त्याच्याच नावाने कार्यसूचनेत लिहून घ्यावी, म्हणजे माणूस गेला तरी रीत राहते आणि तिचा कर्ता कोण हेही राहते.

प्रमाणपत्राची सोय करता येते. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत २०१५ पासून पूर्वशिक्षणाची मान्यता हा भाग आहे, ज्यात कामातून आलेले कौशल्य तपासून दाखला दिला जातो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्गही आहे, पण दोन पाळ्यांत काम करणाऱ्याला तो लांबचा पडतो. नवी माणसे घडवायची असतील, तर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ उपयोगी पडतो : ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, आणि लोणंदमधील बरीच वर्कशॉप या दुसऱ्या गटात असूनही त्याचा लाभ घेत नाहीत. पदवीधर ठेवावाच लागला, तर त्यालाही आधी जुन्या माणसाच्या हाताखाली बसवावे. विजेच्या उच्चदाबाची कामे, बॉयलर, यांसारख्या ठिकाणी कायद्यानेच परवाना लागतो. तेथे हा वाद घालू नये. बाकी कागद जपून ठेवावेत, माणसांशी नीट वागावे, हे सगळेच सांगतात.

दाखला मिळवून दिला की पगार त्याच महिन्यात वाढवावा, नाहीतर तो दाखला फाटकाबाहेर जाण्याचा पास ठरतो. ग्राहकाशी करार करताना पुरवठादाराचा माणूस थेट अथवा कंत्राटदारामार्फत ठराविक मुदतीत घेणार नाही, असे कलम मागून पाहावे. ते मान्य होण्याची शक्यता थोडी आहे, पण मागितल्याची नोंद राहते.

अमेरिकेत ड्यूक पॉवर या वीज कंपनीने बऱ्या जागांसाठी शाळा पूर्ण केल्याचा दाखला मागितला, तेव्हा ग्रिग्ज खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये असा निर्णय दिला, की अटीमुळे एखाद्या वंशगटाला अडथळा होत असेल, तर त्या अटीचा कामाशी संबंध असल्याचे मालकाने दाखवले पाहिजे. तो निवाडा वर्णभेदाविरुद्धच्या कायद्याखालचा होता आणि आपल्याकडे लागू नाही. तरीही बोअर मोजण्याशी पदवीचा संबंध काय, हा साधा प्रश्न लेखकाने त्या ग्राहक कंपनीला पत्राने विचारला. विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे, असे उत्तर आले. त्यानंतर आलेल्या पुरवठादार-पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत तपासनिसासाठी पदवीची अट कायम असून, आता पॅकिंग पर्यवेक्षकासाठीही ती घालण्यात आली आहे.