जुन्या मोटारींचा न्याय

शहरातील रस्त्यावरून साठ-सत्तर वर्षांपूर्वीची एखादी मोटार निघाली, म्हणजे येणारेजाणारे क्षणभर थबकतात. तिचे वाटोळे दिवे, लखलखणारे बंपर, गुळगुळीत बाक आणि धीमी, भारदस्त चाल पाहून मोठ्यांना कौतुक वाटते आणि मुलांना नवल. परंतु ती पुढे निघून गेल्यावर मागे पेट्रोलचा उग्र दर्प दरवळत राहतो आणि कौतुकाने पाहणाराच नाकाला रुमाल लावतो. जुन्या मोटारींविषयीचा वाद या एका अनुभवातच सामावलेला आहे. इंधन भरमसाट पिणाऱ्या आणि धूर ओकणाऱ्या या मोटारींना रस्त्यावर येण्यास बंदी करावी, असे काही जण म्हणतात. त्या आपल्या पूर्वजांच्या कारागिरीचा ठेवा आहेत. त्यांना चालू द्यावे, असे दुसरे म्हणतात. कोणाचे म्हणणे योग्य, हे ठरविण्यापूर्वी दोन्ही बाजू नीट समजून घेतल्या पाहिजेत.

जुन्या मोटारीला इंधन अधिक का लागते? इंजिनात पेट्रोल जळण्यासाठी ते हवेत योग्य प्रमाणात मिसळावे लागते. पूर्वी हे काम कार्ब्युरेटर नावाचा भाग करीत असे. चढ असो वा उतार, थंडी असो वा उन्हाळा, दर वेळी अचूक प्रमाण राखणे त्याला जमत नसे. त्यामुळे काही पेट्रोल अर्धवट जळून धुराबरोबर बाहेर पडे. आजच्या मोटारीत हे प्रमाण विजेवर चालणारी सूक्ष्म उपकरणे क्षणोक्षणी ठरवितात. शिवाय बाहेर पडणाऱ्या धुरातील विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंत करणारे उपकरणही तिला बसविलेले असते. भारतात हे उपकरण 1995 सालापासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचे झाले. पुढे 2000 साली शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री देशात बंद झाली, आणि 1 एप्रिल 2020 पासून नव्या वाहनांसाठी ‘भारत स्टेज 6’ हे धुराविषयीचे कडक मानक देशभर लागू झाले. जुनी मोटार या सर्व सुधारणांच्या आधी जन्मलेली आहे. तिचे दोष हे तिच्या काळाचे दोष आहेत; पण म्हणून तिचा धूर निरुपद्रवी ठरत नाही.

बंदीचा पुरस्कार करणाऱ्यांचा पहिला मुद्दा हाच आहे. अर्धवट जळलेल्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू शरीरभर पोहोचवायचा, त्यालाच हा वायू घट्ट चिकटून बसतो आणि प्राणवायूची वाट अडवितो. धुरातील इतर वायूंमुळे डोळे चुरचुरतात आणि दम्याचा विकार बळावतो. याचा सर्वाधिक त्रास मुलांना होतो. कारण त्यांचा श्वास मोठ्या माणसांपेक्षा जलद चालतो आणि त्यांची उंची मोटारीच्या धुराच्या नळीपासून फार दूर नसते. एकाच्या हौसेसाठी दुसऱ्याच्या मुलाने धूर का प्यावा, हा त्यांचा प्रश्न सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

जुन्या मोटारी जपणाऱ्यांचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. मोटार हे चालण्यासाठी निर्माण केलेले यंत्र आहे. काचेआड ठेवलेली मोटार डोळ्यांना दिसते. परंतु तिचा आवाज, तिची कंपने आणि तिची गती यांवाचून ती अर्धीच कळते. तिची दुरुस्ती करणारे कारागीर पत्रा हाताने ठोकून आकाराला आणतात, न मिळणारे सुटे भाग स्वतः घडवितात. मोटारी चालत राहिल्या, तरच ही विद्या टिकेल. त्याशिवाय नवी मोटार तयार करण्यासही पोलाद, काच, रबर आणि पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. तेव्हा जुनी वस्तू मोडून नवी घेतली की पर्यावरणाचा लाभच झाला, असे सरसकट म्हणता येत नाही.

या वादात एका गोष्टीचा हिशेब बहुधा राहून जातो. ती गोष्ट म्हणजे मोटार किती धावते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले म्हणजे सुमारे 2.3 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. समजा, एक जुनी मोटार लिटरमागे केवळ 5 किलोमीटर जाते; परंतु ती वर्षातून मेळाव्यापुरती 300 किलोमीटर धावते. तिला वर्षाला 60 लिटर पेट्रोल लागेल आणि त्यातून सुमारे 138 किलोग्रॅम वायू बाहेर पडेल. दुसरी मोटार नवी आहे. ती लिटरमागे 15 किलोमीटर जाते. परंतु रोजच्या कामासाठी ती वर्षाला 12,000 किलोमीटर धावते. तिला 800 लिटर पेट्रोल लागेल आणि सुमारे 1,840 किलोग्रॅम वायू बाहेर पडेल. म्हणजे जिला आपण खादाड म्हणतो, तिचा वर्षाचा भार काटकसरी मोटारीच्या तेराव्या हिश्शाएवढाच निघाला!

तथापि, या हिशेबाने जुनी मोटार निर्दोष ठरते असे मानणे चुकीचे होईल. कार्बन डायऑक्साइड हा पृथ्वीची उष्णता वाढविणारा वायू आहे. फुप्फुसांना इजा करणारे वायू वेगळे, आणि ते जुनी मोटार प्रत्येक किलोमीटरमागे नव्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक सोडते. तीच मोटार जर रोज सकाळी गर्दीच्या रस्त्यावर उभी राहू लागली, तर वरचा सारा हिशेब कोलमडेल. यावरून एवढे स्पष्ट होते की, मोटारीचा न्याय करताना तिचे वय जसे पाहावे, तसाच तिचा वापरही पाहावा.

इंग्लंडमध्ये या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न झालेला दिसतो. तेथे 1865 साली झालेल्या एका कायद्याने यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविणे सक्तीचे केले होते. निशाणाची सक्ती काही वर्षांनी गेली, तरी वाहनापुढे माणूस चालविण्याचे बंधन 1896 पर्यंत राहिले. ते उठताच 14 नोव्हेंबर 1896 रोजी मोटारी लंडनहून ब्रायटनकडे आनंदाने निघाल्या. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आजही नोव्हेंबर महिन्यात तेथे जुन्या मोटारींची यात्रा निघते आणि तीत 1905 सालापूर्वी बनलेल्या मोटारींनाच प्रवेश मिळतो. त्याच लंडन शहरात 8 एप्रिल 2019 पासून अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांकडून दररोज 12.50 पौंड आकारण्यास आरंभ झाला आणि 29 ऑगस्ट 2023 पासून हा नियम शहराच्या सर्व विभागांना लागू झाला. 40 वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक म्हणून नोंदविलेल्या वाहनांना मात्र त्यातून सूट आहे. तशी मोटार धंद्यासाठी वापरली, तर ही सूट मिळत नाही.

आपल्या देशातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. दिल्ली आणि तिच्या परिसरात 10 वर्षांहून जुन्या डिझेलच्या व 15 वर्षांहून जुन्या पेट्रोलच्या वाहनांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मनाई केली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु केवळ वय पाहून कारवाई करावी का, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने अशी कारवाई थांबविली. डिसेंबर 2025 मध्ये मात्र हे संरक्षण ‘भारत स्टेज 4’ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरतेच मर्यादित केले. अर्थात वयाच्या जोडीला धुराचे मानकही विचारात घेतले गेले.

हौसेने जपलेल्या पुरातन वाहनांसाठी केंद्र सरकारने 2021 साली निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ रूपात फारसा बदल न केलेल्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये ठेवण्यात आले. अशी मोटार प्रदर्शनाला, मेळाव्याला, संशोधनाला, तसेच इंधन भरण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी नेता येते. नित्याच्या प्रवासासाठी अथवा धंद्यासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही.

येथे एक अवघड शंका उभी राहते. मुंबईची काळी-पिवळी ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी कोणाला ठाऊक नाही? कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेल्या या गाडीने अनेक दशके मुंबईकरांची सेवा केली. शहरात टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. अखेरच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून नाहीशी झाली. जिच्यावर चालकाचे घर चालत होते, ती गाडी विसाव्या वर्षी गेली. आणि श्रीमंताच्या दारातील सत्तर वर्षांची मोटार मात्र सन्मानाने फिरते. हा न्याय कसा?

या शंकेत तथ्य आहे, आणि तिचे उत्तर मोटारीच्या किमतीत शोधून चालणार नाही. टॅक्सी दिवसभर, दररोज, माणसांच्या गर्दीतून धावते. म्हणून तिच्यावरील बंधन कडक असणे योग्यच आहे. परंतु ज्याची रोजीरोटी तिच्यावर अवलंबून आहे, त्याला नवे वाहन घेण्यासाठी पुरेसा अवधी आणि सुलभ कर्ज मिळाले पाहिजे. स्वच्छ हवेची सारी किंमत गरिबाने एकट्याने मोजावी, हे समाजाला शोभत नाही. त्याचप्रमाणे हौसेची मोटार बाळगणाऱ्याने आपल्या सवलतीची मर्यादा काटेकोरपणे पाळली पाहिजे. त्याची मोटार वर्षात किती किलोमीटर धावली, याची नोंद दर वर्षी तपासली जावी. जो ठेवा जपण्याच्या नावाखाली रोज बाजारात मोटार नेतो, तो ठेवा जपत नाही; तो सवलत वापरून इतरांच्या वाट्याची हवा घेतो.

तेव्हा जुन्या मोटारींवर सरसकट बंदी घालू नये. पण त्यांना सरसकट मोकळीकही देऊ नये. पूर्वजांनी घडविलेली वस्तू जतन करणे हे कर्तव्य आहे, आणि पुढच्या पिढीसाठी हवा स्वच्छ राखणे हेही कर्तव्यच आहे. या दोहोंत विरोध आला, तर वस्तूने थोडे थांबावे. कारण मोटार उद्याच्या मेळाव्याची वाट पाहू शकते, श्वासाला मात्र थांबता येत नाही.

स्वाध्याय

1. जुन्या मोटारीतून अर्धवट जळलेले इंधन बाहेर का पडे?
2. पाठातील दोन मोटारींचा हिशेब स्वतः करून पाहा. जुनी मोटार वर्षाला 6,000 किलोमीटर धावली, तर तिला किती लिटर पेट्रोल लागेल?
3. लंडनमधील आणि भारतातील नियमांत कोणते साम्य आढळते?
4. पद्मिनी टॅक्सीचा चालक आणि जुन्या मोटारीचा हौशी मालक यांच्यातील संवाद दहा ओळींत लिहा.