परवलीचा शब्द आणि यंत्राचा मुतालिक

करमाळ्याचा भुईकोट किल्ला राव रंभा निंबाळकरांच्या घराण्यानें उभारिला, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. जुन्या काळीं रात्रीं कोटाच्या दारावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो न सांगणारास आंत थारा नसे. संगणकांतही हीच युक्ति कामास येते. ती कशी, तें आपण पाहूं.

मराठेशाहींत प्रतिनिधींच्या वतीनें मुतालिक कारभार पाहत. संगणकांच्या जाळ्यांतील 'प्रॉक्सी' हा असाच मुतालिक होय. शाळेंतील संगणकाला एखादें पृष्ठ हवें असल्यास तो प्रॉक्सीस सांगतो, व प्रॉक्सी तें स्वतःच्या नांवानें आणून देतो. पलीकडे पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा. १९९६ पासून प्रचारांत असलेली 'स्क्विड' ही अशीच एक विनामूल्य प्रणाली आहे.

जहाजावरील लोखंडी पेटी कोणत्याही बंदरांत जशीच्या तशी उतरवितां येते. त्याचप्रमाणें प्रणाली व तिचें साहित्य एका 'कंटेनर'मध्यें बंद करून निरनिराळ्या यंत्रांवर चालवितां येतें. २०१३ सालीं निघालेल्या 'डॉकर'नें ही रीत रूढ केली. नियमांचा कागद व शब्दांची वही मात्र पेटीबाहेर ठेवावी. म्हणजे पेटी मोडून नवी केली तरी तीं टिकतात.

मुतालिक सर्वांस मोकळा राहिला, तर कोणीही परका त्याच्याकरवीं दुष्कृत्य करील व दोष धन्याच्या पत्त्यावर येईल. म्हणून वहींत प्रत्येकाचें नांव व शब्द नोंदवावा. हा शब्द गणिती रीतीनें दळून ठेवितात. पिठापासून पुन्हां जोंधळा होत नाहीं. परंतु सांगितलेला शब्द तसाच दळून ताळा पाहतां येतो. नियम वरून खालीं वाचले जातात व पहिला लागू पडेल तोच चालतो. यास्तव आधीं 'ओळख पटलेल्यांस परवानगी' व शेवटीं 'इतर सर्वांस मनाई' असें लिहावें.

दोन गोष्टींस जपावें. साध्या पद्धतींत शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. म्हणून वाट कूटबद्ध असावी. दुसरें, डॉकरनें उघडलेलें दार यंत्राच्या नेहमींच्या तटबंदीस वळसा घालूं शकतें. म्हणून तें शाळेच्या अंतर्गत पत्त्यापुरतेंच उघडावें. मग शब्द न देतां एकदां प्रयत्न करावा. ४०७ हा क्रमांक परत आला, म्हणजे पहारेकरी जागा आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपला शब्द जिवलग मित्रासही देऊं नका. वहींत नांव तुमचें असतें, आणि जाबही तुम्हांसच विचारला जातो.