खरे माप आणि छापील कागद

शास्त्रपाठ : लेवीय १९:११-१८, ३५-३६, १ करिंथ ४:२

आपले कित्येक बंधुभगिनी मुंबई, दिल्ली, बंगळूरु अशा शहरांतील जाहिरात संस्थांत काम करतात. या पाठासाठी आपण त्यांतील मुद्रण-व्यवस्थापकाचे काम डोळ्यांपुढे ठेवू. ग्राहकाचे पत्रक वा दिनदर्शिका कोणत्या कागदावर, किती प्रतींत, कोणत्या छापखान्यात व कोणत्या दराने छापावयाची, हे तो पाहतो. पैसा ग्राहकाचा, यंत्र मुद्रकाचे. त्याच्या हाती दोघांचा विश्वास. शास्त्राच्या भाषेत तो कारभारी आहे, आणि कारभाऱ्याच्या ठायी पौल विश्वासूपणाच शोधतो.

१. माप (वचने ३५-३६) : खोटी वजने देवाने इस्राएलास मना केली. कागदाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरास किती ग्रॅम, असे सांगतात. १७० जीएसएमचा दर लावून १५० चा कागद वापरला, तर ए-४ आकाराच्या एका पानामागे जेमतेम सव्वा ग्रॅम कमी भरतो. बोटांना तो सहसा जाणवत नाही. पण एक लाख पत्रकांत सुमारे १२५ किलो कागदाची चोरी होते. मुद्रकाकडून गुपचूप घेतलेल्या टक्क्याचेही तसेच. तो मुद्रकाच्या खिशातून आल्यासारखा भासतो. परंतु तो दरातच मिळविलेला असतो, आणि भरतो ग्राहक.

२. मजुरी (वचन १३) : मजुराची मजुरी रात्रभरही अडवू नये, असे वचन सांगते. संस्थेत मजकुरास मंजुरी मिळण्यास उशीर होतो, आणि त्याची भरपाई छापखान्याच्या रात्रपाळीस करावी लागते. पुढे बिल मात्र महिनोन्महिने पडून राहते. मिसरात पेंढा न देता विटांचा आकडा तोच मागितला जाई (निर्गम ५). मुद्रकास खरी तारीख सांगणे व त्याचे बिल त्वरित पुढे पाठविणे, एवढे तरी व्यवस्थापकाच्या हाती आहे.

३. सही (वचने १५-१६) : प्रूफवर सही झाली की यंत्र सुरू होते, आणि राहिलेली चूक प्रत्येक प्रतीत उतरते. १६३१ साली लंडनमध्ये छापलेल्या बायबलात व्यभिचारास मना करणाऱ्या आज्ञेतील नकार गळाला. रॉबर्ट बार्कर व मार्टिन लुकास या राजमुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. चूक आपल्या सहीखालची असता ती लहान मुद्रकावर ढकलणे सोपे असते, कारण मोठा ग्राहक गमावण्याची भीती असते. परंतु न्याय करताना थोरामोठ्यांचे तोंड पाहू नये, असे हा अध्याय बजावतो.

वाचकहो, आता वचनांचा क्रम पाहा. मजुरी तेराव्या वचनात, माप पस्तिसाव्या वचनात. आणि या दोहोंच्या मध्ये, अठराव्या वचनात, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. ती केवळ उपासनामंदिरासाठी नाही. ती कागदाच्या रिमावर व बिलावरही लागू आहे. टक्का नाकारणारा माणूस सहकाऱ्यांस भाबडा आणि कधी वरिष्ठांस अडचणीचा वाटेल. ही किंमत खरी आहे. म्हणूनच मापाची आज्ञा मिसरातून सोडविणाऱ्या देवाची आठवण देऊन संपते : ज्याने दास्यातून सोडविले, तो आपल्या भाकरीचीही काळजी घेईल.

मननासाठी :
१. माझ्या कामात ग्राहकास न दिसणारे ‘सव्वा ग्रॅम’ कोणते?
२. माझ्या टेबलावर कोणाची मजुरी अडली आहे?
३. माझ्या सहीखालची चूक मी कोणावर ढकलीत आहे काय?