कुत्र्याचे पिल्लू घरी आणताना : दया आणि लालनपालन



स्मरणिकेत कुत्र्यावर लेख कशासाठी, असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या वाडवडिलांनी पाणवठ्यावर कुत्र्या-मांजरांना मोकळीक आणि आपल्याला मनाई पाहिली, त्यांच्यापुढे कुत्र्याचे कौतुक करताना जपूनच बोलले पाहिजे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती. माणसांना मात्र तो हक्क २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या पाठोपाठ जाऊन बजावावा लागला. पुढे १४ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईच्या मणिभवनात गांधीजींच्या भेटीत बाबासाहेबांनी हीच व्यथा मांडली, की जेथे आम्हाला कुत्र्या-मांजरांपेक्षाही हीन वागणूक मिळते, त्या भूमीला आम्ही आमची मायभूमी कसे म्हणावे.

आता राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र आठवा. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले आहे. त्यात यशवंतराव आहेत, बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, बाबासाहेबांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई व पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा आहे. त्याचे नाव टॉबी. २७ मे १९३५ रोजी रमाईंचे निधन झाले, म्हणजे हे छायाचित्र त्यांच्या अखेरच्या काळातील होय. मणिभवनातील त्या भेटीला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. बाबासाहेबांचा राग माणसाला हीन लेखणाऱ्या माणसांवर होता, दारातल्या मुक्या जीवावर नव्हता, एवढे या छायाचित्रावरून आम्ही शिकलो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांविषयी आहे. तीत दयेबरोबरच लालनपालनाचाही उल्लेख येतो. या दुसऱ्या शब्दाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. रस्त्यावरच्या पिल्लाला पोळीचा तुकडा टाकणे ही दया झाली. त्याला जागा, औषध, शिस्त आणि वेळ देणे हे लालनपालन होय, आणि ते अवघड आहे.

जातककथांपैकी कुक्कुर जातक मुलांना अवश्य सांगावे. बोधिसत्त्व त्या जन्मी वाराणसीत स्मशानाजवळ राहणाऱ्या कुत्र्यांचा नायक होता. राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले आणि राजाने नगरातील कुत्रे मारण्याचा हुकूम दिला, पण राजवाड्यातले उंची कुत्रे मात्र वगळले. बोधिसत्त्व राजापुढे गेला व म्हणाला, आधी चौकशी करा. राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि गवत दिले तेव्हा त्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. अपराध वाड्यातल्यांचा आणि शिक्षा वस्तीबाहेरच्यांना, हा न्याय आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता व्यवहाराकडे वळू. इंझोरीसारख्या गावात कुत्रा विकत आणण्याची गरज नाही. पावसाळा सरला की कुटाराच्या ढिगाआड, पऱ्हाटीच्या गंजीखाली पिल्ले दिसू लागतात. नर पिल्लू लवकर उचलले जाते, मादी नको म्हणून गावाबाहेर सोडून दिली जाते. आम्ही म्हणतो, मादीच आणा. योग्य वयात पशुवैद्यकाकडून तिची नसबंदी करून घेतली की पुढचा प्रश्न मिटतो, आणि राखणीत ती नरापेक्षा कमी नसते. मात्र आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. चावताना किती जोर लावायचा हे ते याच दिवसांत आईजवळ आणि भावंडांत खेळताना शिकते.

आमच्याकडे पिल्लू आले तेव्हा आम्ही दोन चुका केल्या. पहिल्या रात्री त्याला फाटकाशी दोरीने बांधले, कारण कुत्र्याची जागा बाहेरच असे आमच्या डोक्यात बसलेले. ते रात्रभर रडले, शेजारीही जागे राहिले. दुसरी चूक म्हणजे मायेपोटी वाटीभर म्हशीचे दूध पाजले आणि दोन दिवस हगवण निस्तरत बसलो. तिसऱ्या रात्री आईच्या जागेवरचे पोते आणून बाजेजवळ अंथरले, तेव्हा ते वास घेत त्यावर झोपले. सुरुवातीच्या रात्री पिल्लू माणसाच्या जवळच असावे. रडते म्हणून मारल्याने भीती तेवढी वाढते.

अन्न थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. भाकरी, भात, फोडणी न घातलेले वरण, उकडलेले अंडे चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान आहेत. शिजवलेल्या कोंबडीचे हाड आडवे फुटून घशात वा आतड्यात रुतते, म्हणून तेही देऊ नये. झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच एकाच ठरलेल्या जागी बाहेर न्यावे. तेथे विधी झाला की शाबासकी द्यावी. घरात घाण केली म्हणून तिच्यात नाक घासण्याची जुनी रीत निव्वळ क्रूर आहे, त्यातून ते काहीही शिकत नाही. नाव एकच ठेवा. आजी एक, नातू दुसरे अशी हाक मारू लागला तर बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे? ट्रॅक्टर, मळणीयंत्र, पाहुणे, शेळ्या यांची ओळख तीन महिन्यांच्या आत, दुरून व हळूहळू करून द्यावी. मोठा कुत्रा आणला असेल तर त्याला दोन-तीन आठवडे स्वस्थ राहू द्यावे, आणि जेवताना मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

गृहस्थाने नोकर-कामकऱ्यांशी कसे वागावे हे सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे : शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, चांगल्या पदार्थात वाटा आणि वेळच्या वेळी सुट्टी. सुत्तातला उपदेश माणसांबद्दल आहे. पण वेतन वगळले तर बाकीचे राखणदार कुत्र्यालाही लागू करावे, असे आमचे मत आहे. रानडुक्कर आणि रोही हाकलायला चार महिन्यांचे पोर जागलीवर नेणारे आम्ही पाहिले आहेत. ते शक्तीप्रमाणे काम नव्हे. वऱ्हाडच्या वैशाखात भर दुपारी त्याला पत्र्याखाली बांधणेही तसेच. कुत्र्याला अंगाने फारसा घाम येत नाही, धापा टाकूनच तो थंड होतो. म्हणून सावली आणि पाणी हवेच. रात्री मोकळे सोडणेही बरे नव्हे. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळवीट अभयारण्य आहे, आणि मोकाट कुत्री हरणांच्या पाडसांमागे लागतात.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रेबीजची. हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राण घेतो, पण वेळीच लस घेतल्यास टाळता येतो. पिल्लाला तिसऱ्या महिन्यात ही लस द्यावी, नंतर पशुवैद्यक सांगतील तशी पुन्हा, व पुढे दरवर्षी. माणसाला कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना यांपैकी काहीही लावू नये. मांत्रिकाकडे न जाता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने ही गोष्ट आता जुनी झाली, आता लस दंडावर देतात. जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते, ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. घरचेच पिल्लू आहे म्हणून ओरखडा लपवू नका, हे मुलांना आवर्जून सांगा. मार बसेल या भीतीने ती बोलत नाहीत.

आमच्या घरी लसीचे कार्ड दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच अडकवलेले असते. पुढच्या लसीच्या तारखेवर धाकटी मुलगी लाल पेन्सिलीने खूण करते आणि आठ दिवस आधीपासून आठवण देते.